जेवायला बोलावू नकोस

आई, उद्या सकाळी माझं ऑपरेशन आहे. पोटातली गाठ काढणार आहेत, आणि मी फार घाबरले आहे. बीपी इतकं चढतं की मागच्या वेळी तारीखच पुढे ढकलावी लागली. म्हणून उल्हासनगरच्या हॉस्पिटलातल्या समुपदेशक मुलीनं मला एक व्यायाम शिकवला. डोळे मिटायचे, श्वास सावकाश सोडायचा आणि जिथं कधीतरी निर्धास्त वाटलं होतं, त्या जागी मनानं जायचं. "आंटी, समुद्र बघा, डोंगर बघा, जो अच्छा लगे," ती म्हणाली. मी आधी बारवीचं धरण आठवून पाहिलं. तिथं नुसतं ऊन होतं, आणि छाती धडधडतच राहिली.

मग आपोआप तुझं स्वयंपाकघर आलं. बुवापाड्यातली पत्र्याची खोली, दाराशी कॅम्प तीनच्या कारखान्यातून धागे कापायला आणलेल्या जीन्सचा ढीग, आणि कितीही घासली तरी निळीच राहणारी तुझी नखं. तू तांदळाची भाकरी थापते आहेस, शेजारी जवळा परततो आहे, त्याचा वास थेट नाकात येतो. माझा श्वास संथ होतो. मुलगी खूश. यंत्रावरचा आकडा दाखवत म्हणाली, "बघा आंटी, उतरलं ना! आता रोज इथंच जायचं."

तिला काय सांगणार? आजी गेली त्यानंतरची एक सकाळ तुला आठवते का? मी उठल्या उठल्या सांगितलं होतं, आजी स्वप्नात आली आणि तिनं मला लाडू दिला. तुझा चेहराच उतरला. दोन्ही दंड धरून मला गदागदा हलवलंस. "खाल्लास का? खरं सांग, तोंडात घातलास?" मी नाही म्हणाले, तरी एक धपाटा बसलाच. मग मीठमोहऱ्या उतरवून शेगडीत टाकल्यास आणि बजावलंस, "गेलेलं माणूस जेवायला बोलवायला आलं तर बसायचं नाही. आपलं असलं तरी नाही." पुढं चार बुकं शिकल्यावर मी यावर भरपूर हसले, तुझ्या तोंडावरही.

आता तू रोज ताट वाढतेस. "ये, गरम आहे तोवर बस," म्हणतेस. अगं, तूच मला अडवलं होतंस ना, मग स्वतः गेल्यावर तूच का बोलावतेस? मी उंबऱ्याबाहेर उभी राहते आणि घाबरून डोळे उघडते. हॉस्पिटलातल्या त्या मुलीला हे सांगितलं तर ती हसून म्हणाली, "अरे आंटी, मम्मी प्यार से दे रही है, खाओ ना." उद्या भूल देताना ती शेजारी उभी राहणार आहे, मला हळूच तुझ्या घरी पाठवणार आहे. मी उपाशीपोटी असेन, भूक लागलेली असेल, आणि तेव्हा मला डोळे उघडता येणार नाहीत.

हे पत्र मी तुझ्या फोटोपुढे ठेवणार नाही. ठेवलं तर तू उत्तर देशील असं वाटतं. घरातले मला धीर देतात, त्यांना वाटतं मी गाठीला घाबरले आहे. आई, मला तुझी भीती वाटते.