पाळण्यावरचं नाव

१ मार्च १८९१
होणाऱ्या बाळाचं नाव एस्बेन ठेवायचं नाही! आज स्टीनाला स्पष्ट सांगून टाकलं. तिच्या पहिल्या नवऱ्याच्या घरात राहतो, त्याचीच होडी वल्हवतो, त्याच्याच खुर्चीत बसून जेवतो – आता मुलगाही त्याच्याच नावाचा?
ती म्हणाली, "रीतच आहे, लाउस्ट. विधवेनं पुन्हा लग्न केलं की पहिल्या मुलाला गेलेल्याचं नाव. मी काय नवीन काढलंय?" आणि बटाटे सोलत बसली.
माझ्याही घराण्यात नावं असतील. शोधतोच.

८ मार्च
प्रार्थनेनंतर पाद्री फाब्रिसियुस यांनी चर्चची जुनी नोंदबुकं काढून दिली. "हात धुतलेस ना? माझ्या बाप्तिस्म्यांच्या नोंदींना हेरिंग मासळीचा वास नको!" धुतले होते. तरी पुन्हा धुतले. अक्षर भयंकर आहे. एकेका ओळीशी झटापट.

१५ मार्च
सापडला! सापडला!! सन १७७०, मॅड्स स्योरेनसनचा पहिला मुलगा – व्हिलाड्स. माझे पणजोबा! आमचं व्हिलाड्सन आडनाव यांच्यापासूनच. पुनःपुन्हा ताडून पाहिलं, मगच उतरवून घेतलं. घरापर्यंत पळत आलो.
स्टीना म्हणाली, "पळत? तू? घराला आग लागली तरी आधी बूट पुसशील!" नाव ऐकून मात्र तिनं विणकाम हाती घेतलं. मग – "तुला हवं तसं."

१६ मार्च
पाळण्यावर 'व्हिलाड्स' कोरलं. सुरेख उठलंय! शेजारचा योर्गन कुंपणावरून ओरडला, "अरे शहाण्या, मुलगी झाली तर?"
याचा विचारच केला नव्हता. दिवसभर धास्ती.

२२ मार्च
एक गोष्ट टोचत होती. मॅड्स स्योरेनसन, म्हणजे स्योरेनचा मुलगा. मग रीतीप्रमाणे पहिल्या नातवाला आजोबांचं नाव, स्योरेन, हवं. व्हिलाड्स कुठून आलं?
"लग्नाची नोंद बघ की," पाद्रीबाबा म्हणाले.
बघितली. सन १७६९. मॅड्स स्योरेनसन आणि कारेन – फ्योर्डच्या खाडीत बुडून मेलेल्या व्हिलाड्स क्रिस्टेन्सनची विधवा.
पाद्रीबाबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "काय रे, घाम फुटला?"
स्टीनाला सांगितलं नाही.

२९ मार्च, ईस्टर
मॅड्सही दुसऱ्याच्याच घरात राहायला गेला असेल का? त्याच्याच खुर्चीत बसत असेल? आणि दारातून मुलाला हाक मारायची – व्हिलाड्स! त्या हाकेचंच पुढे आमचं आडनाव झालं. तीन पिढ्या मिरवलं आम्ही.

१२ एप्रिल
मुलगा!!! दोघंही सुखरूप. नाक माझं आहे. खरंच माझं आहे.

१९ एप्रिल
बाप्तिस्मा झाला. रीतीप्रमाणे बाळंतीण घरीच होती, बाळाला धर्ममातेनं नेलं. चर्चच्या दारात तिच्या कानात नाव सांगितलं.
परत आलो तर स्टीनानं खाटेवरून हात पसरले. "आण इकडे माझ्या व्हिलाड्सला."
"एस्बेनला," मी म्हणालो.
उद्या पाळणा रंध्यानं तासायचा आहे.