उजव्या हाताची ग्रिप

अप्पा, आज मी तुमच्या गाडीच्या हँडलवरच्या दोन्ही ग्रिपा काढल्या. डावीने घाम फोडला. चाकणला कंपनीत मी दिवसभर ग्रिपाच बसवते, हवेच्या गनने, एका फुंकरीत. पण काढायची वेळ लाईनवर कधी येत नाही. शेवटी तुमचीच पद्धत वापरली. स्क्रूड्रायव्हरचं टोक हळूच रबराखाली सरकवलं, फटीत साबणाचं पाणी सोडलं आणि पिळत पिळत ओढली. उजवी मात्र जरा पिळल्याबरोबर हातात आली, आणि तिच्या आतून खवट खोबरेलाचा वास आला.

ते तेल माझं. माझ्या पहिल्या पगारातून मी तुमच्यासाठी या ग्रिपा आणल्या होत्या. दसऱ्याच्या आदल्या दिवशी तुम्ही पहिल्या शिफ्टला गेला होतात, आई ओट्यापाशी होती आणि मी खाली पार्किंगमध्ये गाडीशी झटत होते. तुम्हाला चकित करायची कोण हौस! डावी साबणाच्या पाण्यावर कशीबशी गेली. उजवी अर्ध्यावर अडून बसली, तुमची यायची वेळ झालेली, म्हणून धावत वर जाऊन आईची खोबरेलाची बाटली आणली. सुळकन गेली आत. तुम्ही आलात, दोन्ही मुठी धरून पाहिल्यात, खूश झालात. मग विचारलंत,

"तेल तर नाही लावलं ना, माय? साबण वाळतो, तेल वाळत नाही."

"नाही," मी म्हटलं. तुम्ही शेजारच्या काकांना बोलावून लेकीची भेट दाखवलीत.

पुढच्या उन्हाळ्यातली ती संध्याकाळ मला आठवायला नको वाटते. मी ओव्हरटाइम करून वैतागून आलेली, तुम्ही नुकतेच रिटायर झालेले, स्वयंपाकघरात लसूण सोलत बसलेले. तुम्ही म्हणालात, गाडी रेस घेत नाही, ग्रिप हातात फिरते. तेव्हाच बाटली आठवायला हवी होती. आठवली नाही, की आठवू दिली नाही, कोण जाणे.

"ग्रिप नाही फिरत, अप्पा. तुमच्या हातात जोर राहिला नाही. आता गाडी सोडा."

तुम्ही तळहात उलटासुलटा करून पाहता आहात. लसणाची सालं चिकटलीयेत त्याला. दुसऱ्या दिवशी किल्ली देवाच्या फोटोशेजारच्या खिळ्याला लागली ती लागलीच. कुरुळीच्या तुमच्या जुन्या दोस्ताकडची रविवारची फेरीही बंद पडली. बसने जा म्हटलं तर बघू म्हणायचात, आणि गॅलरीत पेपर धरून बसायचात. सगळी हयात यंत्रावर काढलेला माणूस. ग्रिप काढून बघणं तुम्हाला पाच मिनिटांचं काम होतं. पण मी नाही म्हटलं होतं ना. तुम्ही स्वतःच्या हातापेक्षा माझ्या शब्दावर विश्वास ठेवलात. याचंच मला फार वाईट वाटतं, अप्पा.

तुम्ही गेलात, गाडी तशीच उभी राहिली. परवा इतक्या वर्षांनी ती दुरुस्त करून आणली. कासारवाडीच्या सिग्नलला हिरवा लागला, मी रेस दिली, आणि ग्रिप माझ्या हातात फिरली. माझ्या हातात भरपूर जोर आहे. मागचे हॉर्न वाजवत होते, मी गाडी ढकलत कडेला घेतली.

आज हँडलची नळी पेट्रोलने पुसली, मग साबणाच्या पाण्याने धुतली. नव्या ग्रिपा साबणावरच बसवल्यात. तुमच्या नियमाप्रमाणे उद्यापर्यंत हात लावणार नाही.

आत्ता आईने विचारलं, काय झालं होतं गाडीला? मी म्हटलं, काही नाही, रबर जुनं झालं होतं.