त्रेसष्टचा चौथा शर्ट

५ ऑगस्ट, सोमवार

पोचलो एकदाचा! डोंगरावर शाळा, खाली ढग. मोबाईल गेटवर जमा करून घेतला, सहामाही सुट्टीच्या दिवशी परत देणार. पोरांचाही जमा, माझाही. मग करमायचं कसं? म्हणून ही वही. सातवीत शाळेला रामराम ठोकलेला माणूस आता शाळेतच बसून वही लिहितोय. ताई बघेल तर पोट धरून हसेल.

काम धुलाईघरातलं. सगळ्या वसतिगृहाचे कपडे. मशिनी आहेत, त्यातली एक रुसकी, रुसली की आतून धडाधड आपटते. मागे बॉयलर, म्हाताऱ्यासारखा घरघरतो. पुढे इस्त्रीचं टेबल आणि टेबलामागे इस्त्रीवाल्या काकू. त्यांच्या तोंडाचा पट्टा बॉयलरला हरवेल. मला बघून म्हणाल्या, आला का नवा, किती दिवस टिकणार? मी म्हटलं, काकू, गॅरेज झालं, गोदाम झालं, बेकरी झाली, माझं बूड कुठे टिकत नाही, पण इथे टिकवणार. टिल्लूसाठी.

टिल्लू म्हणजे ताईचा पोरगा. इथे नोकरी करणाऱ्याच्या घरातलं एक पोर फुकट शिकतं, म्हणून तर आलो. आईमागे ताईनेच मला वाढवलं. निघताना म्हणाली, तू उडाणटप्पू राहिलास ते राहिलास, याला माणूस करून आण. टिल्लूने पहिल्याच सकाळी मैदानातून मामा म्हणून हाळी दिली, आणि संध्याकाळपर्यंत मी सगळ्या शाळेचा मामा झालो. झालो तर झालो. कोणी मामा बनवलं नाही म्हणजे मिळवली.

११ ऑगस्ट, रविवार

इथे पोरांची नावं फक्त घरच्या पत्रावर. बाकी सगळं नंबरावर. हजेरी नंबराने, जेवायची रांग नंबराने, शिक्षाही नंबराने. नंबराची विणलेली पट्टी येते, ती कॉलरच्या आत, टॉवेलला, चादरीला शिवायची. पट्टी नसेल तर कपडे धुलाईला घ्यायचे नाहीत, आणि मळक्या कपड्यात रांगेत उभं राहायचं नाही.

टिल्लूची पट्टी शहरातून यायची होती, आलीच नाही. पोर आठवडाभर रांगेच्या बाहेर उभं. उभं करणारा कोण, तर वॉर्डन. पोरं त्याला ‘करकर’ म्हणतात, कारण त्याचे बूट आधी येतात आणि तो मागून. कडक इस्त्रीचा माणूस. हसला तर सुरकुती पडेल.

काकू लेकीच्या बाळंतपणाला गेल्यात. मी त्यांचं कपाट उचकलं, तर मागच्या कोपऱ्यात पट्टीचं अख्खं भेंडोळं. ६३. फळीवर त्रेसष्टचा कप्पाही रिकामा. ऑफिसातल्या नव्या क्लार्कला विचारलं, तो म्हणाला त्रेसष्ट मोकळाच दिसतोय, घ्या की. मग काय, बसलो शिवायला. तीन शर्ट, तीन पँटी, टॉवेल, चादर. माझा टाका वाकडा, शेवटी दोऱ्याची शेपटी राहते, पण घट्ट. छत्तीसचे आकडे एकमेकांकडे पाठ करून बसतात, त्रेसष्टचे समोरासमोर. म्हटलं, शकुन चांगला.

आज हजेरीला करकरने त्रेसष्ट वाचलं आणि थांबला. मोठ्या वर्गातली पोरं एकदम बुटांकडे बघायला लागली. टिल्लू खणखणीत ‘हजर’ म्हणाला. करकर पुढे गेला.

२१ ऑगस्ट, बुधवार

बॉयलरच्या पलीकडे जुनी वाळवणखोली आहे. पूर्वी कपडे तिथे वाळायचे, आता मशिनी आल्या. पण गरम पाण्याचे नळ अजून तिच्यातूनच जातात, त्यामुळे आत भट्टी. लोखंडी दार, बाहेरून अडसर. आत जायला सगळ्यांना बंदी. म्हणजे जेवणाच्या सुट्टीत निम्मी शाळा तिथेच! पोरं पाव चोरून आणतात आणि नळावर शेकतात. मी पकडलं, तर एकाने माझ्या हातात शेकलेला तुकडा ठेवला आणि म्हणाला, मामा, आळीमिळी गुपचिळी. मीही खाल्ला. स्वयंपाक्यालाही ठाऊक आहे, माळ्यालाही ठाऊक आहे. फक्त मोठी पोरं कधी आत जात नाहीत. मीच त्यांना भित्री म्हणालो.

आज एक गंमत. टिल्लूचे शर्ट तीन. गाठोड्यात निघाले चार. चौथाही त्रेसष्टचाच, पण पट्टी जुनी, माझ्या हातची नाही. घामाचे पांढरे डाग, कफ कुरतडल्यासारखे, त्यात चुना भरलेला. आणि शर्ट गरम. आत्ता अंगातून काढल्यासारखा.

३ सप्टेंबर, मंगळवार

चौथा शर्ट मी धुतला, घडी घातली, कप्प्यात ठेवला. पुढच्या गाठोड्यात पुन्हा तोच. पुन्हा घामेजलेला, पुन्हा चुना. कोण पोर टिंगल करतंय बघतोच.

टिल्लू सारखा पाणी पितो. जेवण सोडून नळाला तोंड लावतो. ओठ फुटलेत. डॉक्टर म्हणाले हवा कोरडी आहे. इथे भिंतींना पाणी सुटतंय, आणि हवा कोरडी! शिकलेल्या माणसाने असं बोलावं?

त्याचे हात बघितले. मुठींची कड काळीनिळी. कोणी मारलं विचारलं, तर म्हणतो कोणी नाही मामा, झोपेतून उठलो की असेच असतात. आणि म्हणतो, हजेरीला माझ्या आधी मागून कोणीतरी हजर म्हणतं.

१५ सप्टेंबर, रविवार

काकू परतल्या. नातू झाला म्हणून सगळ्यांची चेष्टा करत आल्या. टेबलावर टिल्लूचा शर्ट होता. कॉलर उलटली आणि त्यांचा पट्टा बंदच पडला. खाली बसल्या. ही पट्टी कुठून काढलीस, एवढंच विचारलं.

मग मी सोडलं नाही त्यांना. दुपारभर बसवून ठेवलं.

त्रेसष्ट नंबरचं पोर होतं. मागे कधीतरी सहामाही सुट्टीच्या सकाळी करकरने त्याला वाळवणखोलीत पाव शेकताना धरलं. बस निघेपर्यंत राहा आत म्हणाला आणि अडसर घातला. मग बसेसची गडबड. पोराला न्यायला घरचं कोणी येणार नव्हतं, बसमध्येही कोणी शोधलं नाही. शाळेला कुलूप लागलं. बॉयलर चालूच राहिला.

सुट्टी संपल्यावर दार उघडलं तेव्हा काकू होत्या, स्वयंपाकी होता, माळी होता. करकरने सांगितलं, पोर पळून गेलं. सगळ्यांनी मान हलवली. मोठ्या पोरांनाही दम भरला. काकूंना पेन्शनला थोडकं राहिलंय.

मी विचारलं, तुम्ही सुट्टीला निघालात त्या सकाळी आवाज ऐकला नाही? काकू रडायला लागल्या. मला वाटलं मशीन रुसली, म्हणाल्या.

रुसकी मशीन! पट्टी बघून कोणीच का बोललं नाही, तर विचारायचं म्हणजे कबूल करायचं. माझ्या भाच्याच्या गळ्यात मेलेल्या पोराचा नंबर, आणि सगळी शाळा बुटांकडे बघत बसली.

आणि शिवला कोणी? मी.

१७ सप्टेंबर, मंगळवार

सगळ्या पट्ट्या उसवल्या. कपड्यांच्या, चादरीच्या, टॉवेलच्या. भेंडोळ्यासकट बॉयलरखाली जाळल्या. स्वतः बघितल्या जळताना.

१८ सप्टेंबर, बुधवार

सकाळी टिल्लू रांगेत. कॉलर उलटली. ६३. माझाच वाकडा टाका. माझीच दोऱ्याची शेपटी.

मी शिवलेलं नाही. ताईची शपथ, मी शिवलेलं नाही.

१ ऑक्टोबर, मंगळवार

करकरच्या केबिनमध्ये गेलो. सगळं तोंडावर बोललो. तो पेन्सिलीला टोक करत राहिला. शेवटी म्हणाला, सातवी नापास ना तुम्ही? भाच्याचा दाखला माझ्याकडे आहे. पळून गेलेल्या पोराच्या नावाने बोंब मारलीत तर दुसऱ्या कुठल्या शाळेत त्याला उभं करणार नाहीत.

टिल्लूला घेऊन निघावं म्हटलं, तर गेटवर पोराला वॉर्डनच्या चिठ्ठीशिवाय सोडत नाहीत. झटापट झाली, मलाच ढकलून आत आणलं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय.

सुट्टी अठराला. पोराला बसमध्ये बसवायचं, मोबाईल हातात घ्यायचा आणि खाली उतरून सगळ्या जगाला सांगायचं. हे मी करकरला सांगूनही आलो. नसतं सांगितलं तर बरं झालं असतं. पण राग आवरला नाही.

१० ऑक्टोबर, गुरुवार

टिल्लूला घामच येत नाही. खेळून आला तरी अंग कोरडं, तापलेल्या पत्र्यासारखं. सगळा घाम त्या चौथ्या शर्टात.

वाळवणखोलीच्या भिंतीवर आतून पोपडे पडलेत. पोराच्या मुठी पोचतील तेवढ्या उंचीवर. काल नव्हते. पोरांना तिथून हाकललं. पुन्हा दिसलात तर तंगडं मोडीन म्हटलं.

काकूंना म्हटलं, माझ्याबरोबर चला, दोघं सांगू. नाही म्हणाल्या. नातवाचं झबलं शिवत होत्या.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार. सकाळी

सुटलो! टिल्लूची बॅग भरली. त्याला सांगितलं, माझ्या नजरेआड व्हायचं नाही. मला बसवर बॅगा चढवायला बोलावलंय. टिल्लूला काकूंजवळ टेबलापाशी बसवलं. आलोच म्हटलं.

दुपारी

बसेस गेल्या. टिल्लू गेला.

आधी जीव गेला होता माझा. परत येतो तर टेबलापाशी टिल्लू नाही, काकूही नाहीत. त्या घाईघाईने बॅग घेऊन गेटकडे जाताना दिसल्या, हाक मारली तरी मागे बघितलं नाही. मी धावत बसकडे. करकर पायरीवर उभा राहून हजेरी घेत होता. त्रेसष्ट म्हणाला. आतून आवाज आला, हजर. करकर स्वतःच दचकला. मला वाटलं, माझ्या धमकीची भीती. खिडकीतून एक हात बाहेर आला, हलला. मीही हलवला. बस वळली.

आता बॉयलर विझवायचा, मोबाईल घ्यायचा आणि—

कफ.

हलणाऱ्या हाताचा कफ कुरतडलेला होता. चुन्याने पांढरा.

कप्प्यात बघितलं. चौथा शर्ट नाही.

रुसकी मशीन वाजतेय. मशीन बंद आहे. मशीन बंद—

वाळवणखोलीत

अडसर काढून आत आलो. टिल्लू नळाजवळ पडलेला. श्वास आहे. करकरने पावाचा तुकडा हातात बघून आत टाकला, म्हणतो. बस निघेपर्यंत राहा म्हणाला. काकू टेबलापाशीच होत्या, म्हणतो.

टेबलापाशीच होत्या!

त्याला उचलत होतो तेवढ्यात बूट आले. करकर. करकर. दार लोटलं गेलं. अडसर पडला.

ओरडलो. दारावर लाथा घातल्या. खालच्या फटीतून बूट दिसत होते. ऐकत उभा होता तो. ऐकलं त्याने, सगळं ऐकलं. मग गेले बूट. धुलाईघराच्या कुलपाचा आवाज आला.

बॉयलर मीच विझवणार होतो.

नंतर

टिल्लूला माझा शर्ट ओला करून— पाणी नाही. नळांना चावी नाही. सगळं पाणी नळांच्या आत, वाहताना ऐकू येतं.

भिंत ठोकतोय. चुना पडतो. माझ्या मुठी आता तशाच.

नंतर

टिल्लू विचारतो, मामा, बस गेली? म्हटलं, येईल परत.

करकर, मी इथून निघालो तर— काकू, तुमच्या नातवाला— नाही. पोराला शाप नको.

नंतर

त्या पोराचा राग येत नाही. करून बघितला, येत नाही. घरी जायचं होतं त्याला. कोणाच्या का होईना.

आता ताईच्या दारात पोचला असेल.

ताई, वही कोणी दिलीच तर. तो पाणी मागेल. दे. पोटभर दे. कोणी दिलं नव्हतं त्याला. पण कॉलर उलटून बघ ताई, माझा टाका नाही, तो आपला—