दगडी कुंडातलं पाणी

रविवार, १२ मार्च २००६. ईस्ट कोस्ट.

आज नातवाचा बाप्तिस्मा झाला. चर्चमधल्या त्या नक्षीदार दगडी कुंडात पाणी ओतायचा मान फादरनी मला, आजीला दिला. नाही कसं म्हणणार? जावयाचं सगळं चिनी गोत बघत होतं. काठ बर्फासारखा गार. ओतताना सवयीने तोंडून गंगा, यमुना, गोदावरी निघालं. फक्त लेकीला कळलं. ती कुजबुजली, "आई, बाबांना यातलं काही सांगू नकोस हं."

संध्याकाळी ह्यांचा पुण्याहून फोन. "बारसं कधी करताय?"

"बघू," म्हटलं.

तो गार काठ अजून हाताला जाणवतोय. कधीतरी ह्यांना कळेलच. विचारतील, "तू तिथे काय करत होतीस?"

काय सांगू? पाणी ओतत होते.