बोलक्या बुडाची मूळ चित्रे व माझी इतर मालमत्ता यांच्या व्यवस्थेबाबत

मी, खाली सही करणारी, वय वर्षे त्र्याहत्तर, व्यवसाय वैद्यकीय पुस्तकांसाठी चित्रे काढणे, हे मृत्युपत्र राजीखुशीने व पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. डॉक्टरांनी तसा दाखला दिला आहे. मेंदू मी त्यांच्यापेक्षा जास्त वेळा काढला आहे, तरी दाखला त्यांचाच चालतो.

१. राहते घर, तीन खोल्या व मागची गॅलरी, माझ्या मुलीस. न्हाणीघराची कडी लागत नाही. आत असताना गाणे म्हणत राहावे.

२. प्लास्टरचा पुरुषभर उंचीचा सांगाडा वरच्या मजल्यावरील निवृत्त पोस्टमास्तरांस. कलम ३ मधील आमच्या पुस्तकाविरुद्ध त्यांनी घरोघर सह्या गोळा केल्या होत्या. माझ्याकडेही आले होते. सांगाडा त्यांनी स्वतः उचलून न्यावा.

३. 'बोलकं बूड' या चित्रपुस्तकाची मूळ अठ्ठेचाळीस पाने माझी मैत्रीण शाई हिला. शाई वर्तमानपत्रात व्यंगचित्रे काढी. एका बड्या साहेबांना तिने चित्रात भोपळा केले आणि त्यांनी तिला आत टाकले. तिच्या सुटकेसाठी आम्ही सात चित्रकारांनी हे पुस्तक काढले. त्यात एका अधिकाऱ्याचे बूड अचानक बोलू लागते, आणि तोंडापेक्षा खरे बोलते. वर 'फक्त प्रौढांसाठी' असे छापल्यामुळे ते शाळकरी मुलांनी सर्वांआधी मिळवले. बूड काढण्याचे काम माझ्याकडे आले, कारण शरीरशास्त्र माझे पक्के होते.

४. माझे दोन उभे आरसे थोरल्या भावास, म्हणजे दादास. याचे कारण सांगणे भाग आहे.

दादा तेव्हा मुख्याध्यापक होता. पुस्तक पाहताच त्याने ठरवले की ते बूड त्याचेच आहे. मी नाही म्हटले, त्याने ऐकले नाही. पुढे साहेबांनी आमच्यावरही खटला भरला आणि सरकारी वकिलांनी दादालाच साक्षीला बोलावले. सख्खा भाऊच विरुद्ध बोलला की आम्ही संपलो, असा त्यांचा हिशेब. मीही तुरुंगाच्या तयारीने घरून कपड्यांची पिशवी भरून नेली होती.

पुस्तकाबद्दल आपले मत काय, असे वकिलांनी विचारले. दादा चष्मा पुसून म्हणाला, "चित्रं घाणेरडी आहेत. विनोद त्याहून वाईट आहेत. पण वाईट विनोदासाठी माणसं आत टाकायची म्हटली, तर वकीलसाहेब, आमच्या घरातलं कोणीच बाहेर उरणार नाही."

न्यायाधीशांना ठसका लागला, तो बराच वेळ थांबेना. आम्ही सुटलो, महिन्याभराने शाईही सुटली. दादाची मुख्याध्यापकी मात्र गेली. त्या दिवसापासून तो माझ्याशी बोललेला नाही. एकोणीस वर्षे झाली. निरोप वहिनीमार्फत येतात, तेही तक्रारीचे.

तर दादा, आता शपथेवर लिहिते. ते बूड माझे होते. हेच दोन आरसे समोरासमोर लावून, मान मोडेस्तोवर वळून काढले. आपल्या घराण्याची ठेवणच तशी असल्याने तुझा गैरसमज होणे स्वाभाविक होते. हे तेव्हाच सांगायला हवे होते, पण तुझ्यासमोर तो शब्द उच्चारायची मला लाज वाटली.

५. माझ्यामागे शोकसभा घेऊ नये असे मुलीला सांगितले होते. तो विचार बदलला आहे. सभा घ्यावी. पहिले बोलणे दादाचे व्हावे. माझ्याविषयी, माझ्या चित्रांविषयी त्याला जे वाटेल ते त्याने बोलावे, हवा तेवढा वेळ. कोणी टोकू नये, घड्याळ दाखवू नये, वहिनीने कोट ओढून खाली बसवू नये. एकोणीस वर्षांचे साठले असेल. मी मध्ये बोलणार नाही, ही माझी हमी.

मात्र त्याला तोवर थांबवत नसेल, तर मी दुपारी घरीच असते.

वरील मजकूर वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली.

सही: (बँकेत चालते ती)

साक्षीदार १: डॉक्टर
साक्षीदार २: वहिनी (वाचून झाल्यावर हसू आवरल्यानंतर सही केली. एक प्रत आजच घरी नेत आहे.)

ठिकाण: माझ्या स्वयंपाकघरातील टेबल
दिनांक: ९ ऑक्टोबर, गुरुवार