स्वभाव : नाइस

१ फेब्रुवारी, रविवार
आजपासून 'नाइस' या शब्दाशी आपला संबंध संपला. नळदुर्गात शुद्ध इंग्रजीचा एकमेव क्लास माझा, आणि माझीच पोरं चहाला नाइस म्हणतात, किल्ल्याला नाइस, परवा तर मयताच्या फोटोखालीही नाइस! अख्ख्या गावाला मिळून एकच विशेषण. संकल्प : या शब्दाविरुद्ध पुस्तक लिहायचं. रोज दोन पानं.

३ फेब्रुवारी, मंगळवार
पुस्तकाचं नाव ठरलं. पानं उद्यापासून.
लग्नाचा बायोडाटा करायला विरुपाक्षच्या झेरॉक्सच्या दुकानात गेलो. वय चौतीस, बायोडाटात एकतीस. पठ्ठ्यानं न विचारताच 'स्वभाव : नाइस' टाईप करून ठेवलेलं. म्हणे, सर, समद्यांचा तसाच असतोय. सोबत आलेले हिंमतरावमामाही त्याच्याच बाजूचे. असू दे की रं, म्हणाले, स्वभाव वाचतंय कोण, लोकं शेती बघतेत. मी ते खोडून 'मेटिक्युलस' टाकायला लावलं, म्हणजे काटेकोर. विरुपाक्षनं स्पेलिंग तीनदा विचारलं. अडाणी माणूस. तिसऱ्यांदा मीही डिक्शनरी उघडली, पण ती केवळ खात्रीसाठी.

५ फेब्रुवारी, गुरुवार, सकाळी ७
सोनारीचं स्थळ. राजेश्वरी, कृषी सहायक. तीन वर्षांतलं अकरावं. आईनं कालभैरवाला नवस बोलला आणि मला हात जोडले : बाबा, एवढं तरी घालवू नको. वाईट वाटलं. पण तत्त्व म्हणजे तत्त्व. लोक मुलीला स्वयंपाक विचारतात, मी विशेषण विचारणार.
पुस्तक : पाहण्याचा कार्यक्रम उरकला की जोरात.

८ फेब्रुवारी, रविवार
सोनारीहून परत. मुलगी आवडली. खरंच आवडली, इथं लिहायला काय हरकत आहे?
तरी पोहे संपताच बैठकीत सगळ्यांसमोर विचारलं : 'नाइस'चे पाच अर्थ सांगा, वाक्यांसह. मामांनी मांडीला चिमटा काढला. तिनं शांतपणे चांगला, गोड, मायाळू, सभ्य असे चार सांगितले. पाचवा म्हणाली, काटेकोर. मी म्हणालो, चूक. तिनं मोबाईलमधली डिक्शनरी माझ्यासमोर धरली. अर्थ होता. मला माहीत होताच, फक्त आठवत नव्हता.
मग म्हणाली, आता मी विचारू? तुमच्या आईंना कुठलं विशेषण लावाल?
हा प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा. मी म्हणालो, विचार करून सांगावं लागेल. आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती. बैठक एकदम शांत झाली. माझा प्रभाव पडला, हे उघड आहे. होकार पक्का.

११ फेब्रुवारी, बुधवार
निरोप नाही. मोठ्या घरचे लोक सावकाश कळवतात. आईसाठी विशेषण शोधतोय. डिक्शनरीत आहेत तशी बरीच, पण तंतोतंत बसत नाहीत.

१४ फेब्रुवारी, शनिवार
मुलीच्या वडिलांचा मामांना फोन. मुलगा नाइस हाय, म्हणाले, पण आमचं जमायचं न्हाय.
नाइस! मला! काटेकोर याच अर्थानं म्हणाले असणार. मामा म्हणाले, त्यांना इंग्रजी येत न्हाय.
दिवसभर जेवलो नाही.

१६ फेब्रुवारी, सोमवार
पुस्तक रद्द. समाजाची लायकी नाही.
विरुपाक्षकडं गेलो. त्यानं जुनी फाईल उघडली. पुसलीच नव्हती म्हणे. पंचवीस प्रती काढल्या.
घरी आईनं एक प्रत हातात घेतली. तिला वाचता येत नाही. माझ्या फोटोवरून हात फिरवला, मग स्वभावाच्या ओळीवर बोट ठेवून विचारलं, हितं काय लिवलंय? म्हणालो, नाइस. ती म्हणाली, म्हंजी काय रं? म्हणालो, चांगला, मायाळू.
कागद परत माझ्या हातात दिला. मग म्हणाली, लग्नाच्या कागदावर खोटं कशाला लिवतूस बाबा.