खांब क्रमांक सतराची दोरी

प्रति,
मा. प्रकल्प अधिकारी,
कांदळी नदीकाठ उद्यान व सायकल मार्ग प्रकल्प,
बोईसर, जि. पालघर.

अर्जदार : सौ. काशीबाई धर्माजी पागधरे, वय ६१, धंदा मासळी सुकवणे व विकणे, रा. खाडीपाडा, नवापूर.

विषय : खडीच्या सायकल मार्गावर दि. १९ जानेवारी रोजी झालेल्या रक्तपाताच्या फिर्यादीतून सून उन्नती हिचे नाव कमी करून तेथे खरे नाव घालणेबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचा दि. ७ नोव्हेंबर २०२२ चा अर्ज (बोंबील सुकवण्यास खांब मिळणेबाबत).
२) त्यावरील आपले एका ओळीचे उत्तर.
३) दोरीच्या उंचीचा पंचनामा, दि. १९ जानेवारी २०२५.

महोदय,

अर्जदारास सही करता येते, लिहिता येत नाही. सबब सदर अर्ज शेजारी राहणारा, मच्छीमार सोसायटीतून निवृत्त झालेला कारकून शैलेश याने लिहिला आहे. मजकूर अर्जदाराचा, अक्षर शैलेशचे आणि राग दोघांचा. भाषेत कुठे उणेअधिक झाल्यास दोघांनाही मोठ्या मनाने क्षमा करावी.

१. अर्जदार लग्न होऊन खाडीपाड्यात आली त्याला बेचाळीस वर्षे झाली. कांदळी नदी खाडीला मिळते तिथल्या वाळूच्या पट्टीवर पाड्यातल्या बायका बोंबील सुकवत आल्या आहेत. पट्टी त्यांच्या नावावर नाही हे मान्य, पण बोंबील कुणी सातबाऱ्यावर वाळत घालत नाही. २०२२ साली तिथे आपले उद्यान आले. बाकडी आली, हिरवळ आली, आणि बायकांच्या बांबूच्या वलांड्या, म्हणजे मासळी टांगायचे मांडव, जेसीबीने उपटून खाडीत लोटले गेले. तेव्हा अर्जदाराने संदर्भ क्र. १ चा अर्ज केला, की मांडव मोडलेत तर निदान खांब तरी द्या. "आपला अर्ज योग्य त्या कार्यवाहीस्तव ठेवण्यात आला आहे" असे उत्तर आले. अर्जदाराने ते देवाच्या फोटोमागे जपून ठेवले.

२. गेल्या डिसेंबरात लॉऱ्या आल्या. पट्टीवर पांढरी बारीक खडी पसरली, रोलर फिरला आणि दोन्ही अंगांना समोरासमोर लोखंडी खांब रोवले गेले. प्रत्येक खांबाला खालपासून वरपर्यंत वीतवीतभर अंतरावर कड्या आणि अंगावर नंबर. आता महोदयांनीच सांगावे, ज्यांनी खांब मागितले त्यांच्या दारात कडीवाले खांब उभे राहिले तर त्यांनी काय समजावे? अख्ख्या पाड्याने समजले की अर्ज पास झाला. देर आये दुरुस्त आये म्हणून बायकांनी पहिल्या खांबाला हळदकुंकू लावले, नारळ फोडला. ठेकेदाराचा मुकादम तिथेच उभा होता. त्याने खोबरे खाल्ले आणि म्हणाला, "अच्छा है अम्मा, ये सब आप ही लोगों के लिए बन रहा है." घरटी एकेक जोडी वाटून घेतली. अर्जदाराच्या वाट्याला सतरा व अठरा नंबरचे खांब आले. एक मार्गाच्या या बाजूला, दुसरा त्या. तीन आठवडे बोंबील इतके झकास सुकले की बायका आपल्या कार्यालयाला दुवा देत होत्या.

३. दि. १२ जानेवारी, रविवार. सकाळी नऊच्या सुमारास चाळीसएक सायकलस्वार आले. रुंद टायरच्या, खडीवर चालणाऱ्या सायकली, डोक्यावर टोप्या, डोळ्यांवर काळे चष्मे. ही चाचणी फेरी होती हे पाड्याला नंतर कळले. मासळी बघून ते थांबले, त्यांनी दोऱ्या तोडल्या आणि खाली पडलेल्या बोंबलांवरून सायकली नेल्या. एकदा नव्हे, फिरून परत. त्यांचा पुढारी कुशल नावाचा होता. अर्जदाराचे पती धर्माजी, वय सत्तर, एका डोळ्याने अधू, यांनी त्याच्या सायकलचा दांडा धरला आणि म्हणाले, "पोरा, आमाला सरकारनं दिलेलं खांब हायत हे. जरा थांब, बाया मासली उचलतील." कुशलने बसल्या जागेवरून त्यांच्या तोंडावर लाथ घातली. त्या बुटांच्या तळाला लोखंडी पट्टी असते. धर्माजींचे पुढचे दोन दात गेले, ते खाली पडले तशी दुसरी लाथ बरगडीवर बसली. दात शोधूनही सापडले नाहीत, खडीही पांढरीच आहे.

दुसऱ्या दिवशी अर्जदार पतीचे रक्ताळलेले धोतर पिशवीत घालून आपल्या कार्यालयात आली होती. आपण धोतर टेबलावर ठेवू दिले नाहीत. "मार्ग सायकलींचा आहे, खांबही सायकलींचे आहेत, त्यावर बाणांच्या पाट्या लागायच्या आहेत. तुमचा अर्ज अजून फाइललाच आहे," असे आपण म्हणालात. पोलिसांनी किरकोळ मारहाण अशी नोंद घेतली. सत्तर वर्षांच्या माणसाची बरगडी मोडणे हे किरकोळ कसे, हे अर्जदारास आजतागायत समजलेले नाही.

४. दि. १९ जानेवारी, पुढचा रविवार, मार्गाचे उद्घाटन. उद्यानाच्या दाराशी मांडव, हार, नाश्ता. पावणेसातला फेरी सुटली. सतरा नंबरच्या खांबाशी आडवी बांधलेली नायलॉनची दोरी सगळ्यांत पुढे असलेल्या कुशलच्या गळ्याला लागली. सायकल पुढे गेली, तो मागे राहिला. मागचे सहाजण एकमेकांवर आदळले. बूट पायडलात अडकवलेले असतात, त्यामुळे कुणाला पाय काढता आला नाही. एकाच्या मांडीत दातेरी चक्र घुसले, एकाचा खांदा निखळून पाठीकडे गेला. खडी लाल झाली.

यानंतर जे घडले ते फिर्यादीत अर्धेच आहे, म्हणून पूर्ण लिहीत आहे. आरडाओरडा ऐकून धर्माजी काठी टेकत बाहेर आले. मागून आलेल्या स्वारांनी त्यांनाच धरले. दोघांनी पाडले आणि एकाने हवा भरायच्या पंपाने डोक्यात घातले. सून उन्नती आठ महिन्यांच्या नातीला पाजत होती. तिने मूल शेजारणीच्या, भागीच्या, ओटीत टाकले, मासळी कापायची कोयती घेतली आणि धावली. पंप धरलेल्या हातावर तिने वार केला. हाड दिसले. हे तिने केले, पाड्याने पाहिले, त्याची शिक्षा ती भोगेल. स्वारांनी तिला केस धरून खडीवरून फरपटवले, पाठीवर बूट नाचवले. मग पाड्यातल्या बायका बांबू घेऊन उतरल्या आणि कुणी कुणाला आवरले नाही. सहा सायकली खाडीत गेल्या, त्यांच्यामागून दोन स्वारही गेले, त्यांना पाड्याच्याच माणसांनी बाहेर काढले. दुपारी दोन गाड्या भरून माणसे आली आणि वाळत घातलेली जाळी पेटवून गेली. पाड्यातल्या जानूची होडी जळाली, तिचा फिर्यादीत उल्लेख नाही.

कुशल जिवंत आहे. गळ्यात नळी घातली आहे. आवाज परत येईल की नाही, डॉक्टर सांगत नाहीत.

५. संध्याकाळी पोलिसांनी विचारले, दोरी कुणी बांधली? उन्नती पुढे झाली आणि म्हणाली, "मी." त्या एका शब्दावर आपण फिर्याद दिलीत, की उन्नती अनुज पागधरे हिने कट करून, जीव घेण्याच्या हेतूने गळ्याच्या उंचीवर दोरी बांधली. वार वेगळा आणि कट वेगळा, हे वकिलाने अर्जदारास समजावले आहे. गाडीत बसताना उन्नती अर्जदाराच्या कानात म्हणाली, "आये, तू गप ऱ्हा. तू तुरुंगात गेलीस तर परत यायची नाय. मी तरणी हाय, निभावीन." मुलगा अनुज बोटीवर खोल समुद्रात आहे, त्याला अजून काही कळलेले नाही. नात बाटलीचे दूध तोंडात धरत नाही. ती रडते, आणि अर्जदाराने आठ दिवस गप्प राहून पाहिले. यापुढे जमणार नाही.

६. उन्नतीने ती दोरी बांधलेली नाही. पुरावा आपल्याच पंचनाम्यात आहे. दोरी जमिनीपासून चार फूट तीन इंचावर होती असे आपल्या माणसाने टेप लावून लिहिले आहे. मासळी सुकवणारी बाई आपली दोरी आपल्या हनुवटीएवढी बांधते. वर बांधली तर दिवसभर हात उचलून खांदे भरून येतात, खाली बांधली तर कंबर जाते. दोरी बघून पाड्यातले शेंबडे पोरही सांगेल की ही कुणाची. उन्नती अर्जदारापेक्षा वीतभर उंच आहे, तिची दोरी वरच्या कडीला असते. तिने बांधली असती तर कुशलच्या टोपीला लागली असती आणि आज त्याचा गळा शाबूत असता. चार फूट तीन इंचावर पाड्यात एकाच बाईची हनुवटी येते.

७. येथे शैलेशने पेन खाली ठेवले आणि अर्जदारास सांगितले की एवढे पुरे, उरलेले "गैरसमजातून बांधली गेली" असे लिहू. अर्जदार म्हणाली, "लिव तू. मी सांगतेय तसं लिव." म्हणून जसेच्या तसे लिहीत आहे.

संध्याकाळी मासळी काढली की दोरी सोडून, गुंडाळून घरी नेतात. रिकामी दोरी ताणून ठेवत नाहीत, कारण येणाऱ्याजाणाऱ्याच्या गळ्याला लागते. ही सवय अर्जदारास सासूने लावली आणि तिने उन्नतीला लावली. १८ तारखेलाही दोरी घरीच होती. १९ तारखेला पहाटे धर्माजींना खोकला आला, बरगडीमुळे त्यांना खोकता येईना, ते उशी चावून रडले. अर्जदार उठली, दोरी घेतली आणि सतरा-अठराला बांधली. तिच्यावर एकही बोंबील टांगला नाही. खांब कुणाचे आहेत हे तिला तोवर आपणच सांगितलेले होते.

खडीवर सायकल येते ती लांबून ऐकू येते. अर्जदारास ओरडता आले असते. ती खांबाआड उभी होती आणि दोरीचे टोक तिने कडीतून ओवून हाताला गुंडाळले होते. गळा लागला तसा हिसका बसला, हात सोलून निघाला. तिने दोरी सोडली नाही. कुशलबद्दल तिला वाईट वाटते असे लिहू का, असे शैलेशने विचारले. ती म्हणाली, नको, खोटे कशाला लिहायचे. तिला उन्नतीचे वाईट वाटते.

तरी मेहेरबानांस विनंती की फिर्यादीतला कट उन्नतीच्या नावावरून काढून अर्जदाराच्या नावावर चढवावा, आणि आईला लेकराकडे पाठवावे. हा अर्ज तरी फाइलला ठेवू नये, कारण मूल उपाशी आहे.

हे सर्व वाचून आपणास जे वाटेल ते वाटो, पण वाटायला फार दिवस लावू नयेत.

आपली नम्र,
(सही) काशीबाई धर्माजी पागधरे

खाडीपाडा, नवापूर
दि. २७ जानेवारी २०२५

सोबत :
१) दि. ७ नोव्हेंबर २०२२ च्या अर्जाची पोच.
२) आपले उत्तर, मूळ.
३) धर्माजी पागधरे यांच्या बरगडीचा एक्स-रे.
४) पंचनाम्याची प्रत, उंचीच्या आकड्याखाली रेघ मारलेली.
५) अर्जदाराचा उजवा तळहात. याची झेरॉक्स नीट निघाली नाही, सबब अर्जदार मूळ प्रतीसह आपल्या कार्यालयाच्या व्हरांड्यात सकाळपासून बसून आहे.